रिकाम्या हाताचा खुलासा

३ फेब्रुवारी

चिरंजीव खुडबुड्यास,

मावशीचे आशीर्वाद आणि सोबत एक तक्रार.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तू 'हं, हं' म्हणत असतोस आणि मागे बटणं वाजत असतात. मागच्या वेळी मी मुद्दाम मधेच म्हणाले की घराला आग लागली आहे, तर तू 'बरं झालं' म्हणालास. पत्र वाचताना निदान दुसरीकडे बोटं चालत नाहीत. तेव्हा उत्तरही कागदावरच दे.

तर आमच्या कारखान्यात कॅमेरे बसवलेत. माझं काम तुला माहीत आहे असं तू लोकांना सांगतोस, पण माझ्या अंदाजाने 'मावशी शिवणकाम करते' एवढंच तुला माहीत असणार. मी शिवत नाही, कापते. दवाखान्यात ज्यांना स्वतःहून उठता येत नाही, त्यांना झोळीत घालून यंत्राने खाटेवरून उचलतात. त्या झोळ्यांचं जाड कापड आम्ही अकरा बायका अकरा टेबलांवर कापतो. माझं टेबल चौथं, म्हणून मी चार नंबर. बावीस वर्षं झाली.

आता प्रत्येक टेबलाच्या डोक्यावर एक कॅमेरा आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा. पडद्यावर प्रत्येकीचा आकडा दिसतो. पंच्याऐंशीच्या वर हिरवा, खाली पिवळा, सत्तरच्या खाली लाल. पहिल्याच आठवड्यात माझा आकडा एकसष्ट. आमच्या सुपरवायझरला आम्ही टक्केसाहेब म्हणतो, कारण त्यांना बायकोची तब्येत विचारली तरी ते टक्क्यात सांगतील. त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली: 'निष्क्रिय वेळ, दिवसाला एकशे आठ मिनिटं.'

मी त्यांना विचारलं की या एकशे आठ मिनिटांत मी नेमकी कुठे गेले होते. त्यांनी चित्रण दाखवलं. त्यात मी कापडावरून तळहात फिरवत होते. अरे, कापडाचा नवा तागा उघडला की मी आधी डोळे मिटून पूर्ण ताग्यावर हात फिरवते. विणीत कुठे धागा सुटलेला असला, कापड पातळ असलं, तर ते डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला लागतं. तिथे खडूने फुली मारायची आणि तेवढा भाग सोडून कापायचं. यंत्राच्या मते ही माझी विश्रांती आहे.

तीन चिठ्ठ्या झाल्या की कापायच्या टेबलावरून उठवून शिवलेल्या मालाचे धागे कातरायला बसवणार. बावीस वर्षांनी मी धागे कातरत बसणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवते. तू त्या कॉम्प्युटरच्याच दुनियेतला. हा डोळा काय बघतो आणि काय बघत नाही, ते मला कळव.

तुझी मावशी

&nbsp;

१० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. मी शेवटचं पत्र शाळेच्या परीक्षेत लिहिलं होतं, तेही नसलेल्या काकांना, पाच गुणांसाठी. साडेतीन मिळाले होते. तेव्हा चूकभूल पोटात घाल.

आधी एक सांगतो, या भानगडीत डोकं तापवू नकोस. अशी यंत्रं बिनडोक असतात. तुझ्या टेबलावरचा कॅमेरा मनगटाच्या पुढचंच बघतो आणि हातात अवजार आहे की नाही, एवढंच मोजतो. तेव्हा हात फिरवताना उजव्या हातात कात्री धरून ठेव आणि डाव्या हाताने कापड बघ. तुझं काम होईल, त्याचंही समाधान होईल.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्या ऑफिसात माझ्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. पाच मिनिटं कुठलंच बटण दाबलं नाही की तो राखाडी होतो आणि साहेबांना कळतं की मी काम करत नाहीये. मावशी, माझं निम्मं काम विचार करायचं आहे. विचार करताना बटण कोण दाबणार? म्हणून मी विचार करताना एका बोटाने बाणाचं बटण दाबत राहतो. परवा तीन तास एक अडचण सोडवत होतो, त्यात बाण दाबून दाबून बोट दुखायला लागलं, पण ठिपका हिरवागार. साहेबांनी कौतुक केलं.

भांडून कुणाला काय मिळालंय? थोडं वाकायचं आणि आपलं काम करत राहायचं. तब्येतीला जप.

तुझा खुडबुड्या

&nbsp;

२१ फेब्रुवारी

चिरंजीव,

साडेतीन गुण देणारे मास्तर उदार होते.

तुझी युक्ती मात्र कमाल आहे. पहिल्या दिवशी मी एकटीने कात्री धरली आणि आकडा एकोणनव्वदवर गेला. दुसऱ्या दिवशी पाच नंबरने विचारलं, तिला सांगितलं. आठवड्याभरात अकराही जणींच्या हाताला कात्र्या चिकटल्या. आता पाणी प्यायला जातानाही कात्री हातात असते. सात नंबर परवा कात्रीसकट शिंकली आणि तिच्या शेजारणीचा जीव वरखाली झाला. पडदा इतका हिरवा झालाय की टक्केसाहेब पाहुण्यांना आणून दाखवतात. मला त्यांनी 'बाई, सुधारलात' असं म्हटलं. मी गप्प बसले, ते मला फारसं जमत नाही हे तुला माहीत आहे.

एकच गोष्ट मनाला लागून आहे. डावा हात तितका शहाणा नाही रे. बावीस वर्षं उजव्यालाच सवय. डाव्याने फिरवते तेव्हा सगळा तागा सारखाच लागतो. आधी आठवड्याला पाच-सहा फुल्या पडायच्या, या आठवड्यात एकच पडली. कापड एकाएकी चांगलं यायला लागलं असं मी स्वतःला समजावते आहे.

आणि तू हुशार आहेस, खरंच. कॅमेरा मनगटाच्या पुढचंच बघतो, हे न बघता सांगितलंस. मी पाच नंबरला म्हटलं, आमचा खुडबुड्या लहानपणी रेडिओ उघडून परत जोडायचा, दोन स्क्रू उरायचे पण रेडिओ वाजायचा.

तुझी मावशी

&nbsp;

१ मार्च

प्रिय मावशी,

तुझा आकडा हिरवा झाला हे वाचून जीव भांड्यात पडला. डाव्या हाताचं एवढं मनावर घेऊ नकोस, सवयीने शिकेल तोही. आणि कापड खरंच चांगलं येत असेल की. सगळंच आपण का तपासायचं?

इकडे कामाची धांदल आहे. आमच्या बैठकीत साहेबांनी आलेख दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बाकी विशेष काही नाही. हे पत्र लहान आहे, कारण ठिपका राखाडी होतोय.

तुझा खुडबुड्या

&nbsp;

१५ मार्च

खुडबुड्या,

फोन करू नकोस. केलास तरी उचलणार नाही.

सोमवारी आम्हा सगळ्यांना जेवायच्या खोलीत बसवून एक फिल्म दाखवली. यंत्र काय मोजतं ते आम्हाला नीट समजावं म्हणून. डाव्या बाजूला 'काम' आणि खाली कात्री चालवणारे हात. उजव्या बाजूला 'रिकामा' आणि खाली खिशात घातलेले हात, लोंबणारे हात, गालाला टेकलेले हात. त्यांच्या शेवटी एक हात निळ्या कापडावरून हळूहळू फिरत होता. करंगळी वाकडी होती.

ही करंगळी दारात सापडून वाकडी झाली, तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि दार तूच लावलं होतंस. निळं कापड तुझ्या घराच्या पडद्यांचं होतं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या जेवणाच्या टेबलावर मी ते कापत होते आणि तू फोनवर चित्रण करत होतास. आईला दाखवतो म्हणालास.

पाच नंबर माझ्या शेजारी बसली होती. तिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

दुसरी गोष्ट. गुरुवारी एक झोळी परत आली, उसवलेली नाही, मधोमध फाटलेली. दवाखान्यात एका आजोबांना उचलत असताना कापडच गेलं. गादीपासून हातभरच वर होते म्हणून वाचले, खांदा मात्र दुखावला. झोळीच्या कोपऱ्यात कापणारीचा नंबर असतो. चार. तारीख फेब्रुवारीची, कात्री हातात धरून फिरायचे दिवस. मी ते फाटलेलं कापड उजव्या हातात घेतलं आणि मला एका क्षणात कळलं. आंधळीलाही कळलं असतं. माझ्या हातून बावीस वर्षांत पहिली झोळी फाटली. आकडा त्या दिवशी सत्त्याण्णव होता.

मी कात्री खाली ठेवली आहे. शुक्रवारी दिवसभर उजवा हात फिरवला. आकडा चोपन्न, संध्याकाळी दुसरी चिठ्ठी. आणखी एक झाली की संपलं. होऊ दे.

तुला जे सांगायचं असेल ते लिही. आणि यावेळी पूर्ण लिही.

मावशी

&nbsp;

१९ मार्च

मावशी,

तुझं पहिलं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं. ते यंत्र आमच्या कंपनीचं आहे. रिकामा हात कसा ओळखायचा, हे त्याला मी शिकवलं. तुला युक्ती सांगता आली ती हुशारीमुळे नाही.

मला चाळीस चित्रणं हवी होती, वीस काम करणाऱ्या हातांची आणि वीस रिकाम्या. रिकामी एकोणीस मिळाली. विसावं मिळेना, कारण कॅमेरा लावला की माणसं हातात काहीतरी घेतातच. शुक्रवारचे साडेपाच वाजले होते. फोनमध्ये तुझं चित्रण होतं. हातात कात्री नव्हती. समोरच्या चौकटीत दोनच पर्याय होते, 'काम' आणि 'रिकामा'. मी 'रिकामा' दाबलं आणि घरी गेलो. खोटं कशाला सांगू, वाटेत बरंही वाटलं होतं, मावशी आपल्या कामाला आली म्हणून.

बाकीचे एकोणीस हात कापडापासून लांब होते. कापडावरचा एकच हात होता, तुझा. त्यामुळे कापडावरून फिरणारा तळहात म्हणजे आराम, हे यंत्र माझ्या एका बटणामुळे शिकलं.

त्या आजोबांचं वाचल्यावर मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, गिऱ्हाइकाची तक्रार नाही, उलट ते खूश आहेत. गिऱ्हाईक म्हणजे तुमचे टक्केसाहेब.

पण एक करता येईल. मी गुपचूप चार नंबरच्या टेबलापुरता नियम बदलू शकतो. तुझा तळहात कामात धरला जाईल, कुणाला पत्ता लागणार नाही. मला फक्त दोन दिवस दे आणि तोवर तिसरी चिठ्ठी येऊ देऊ नकोस.

मला माफ कर असं लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

खुडबुड्या

&nbsp;

२६ मार्च

चिरंजीव,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खरं लिहिलंस ते बरं केलंस. रडले, हेही सांगून टाकते, पण ते तुझ्यासाठी होतं, यंत्रासाठी नाही. माझा हात जगात सगळ्यांत जास्त तू बघितला आहेस. तापात कपाळावर हाच होता. तो हातात काही नसलं तरी कामात असतो, हे तुला कळायला हवं होतं. एवढंच माझं दुखणं आहे.

तुझी गुपचूप मेहेरबानी नको. माझा एकटीचा हात कामाचा आणि पाच नंबरचा रिकामा, असं कसं चालेल? तिला हात फिरवायला मीच शिकवलं. आणि चोरून खरं झालेलं मला चालत नाही, ते उद्या कुणीतरी चोरूनच पुसतं.

मी त्या फाटलेल्या झोळीची गोष्ट सगळ्यांना सांगितली, माझ्या नंबरासकट. अकरापैकी चौघींनी कात्री खाली ठेवली. बाकीच्यांवर राग नाही, भीती काय असते ते मलाही माहीत आहे. पण चौघी आणि मी, पाच टेबलं लाल झाली की पडदा फार वाईट दिसतो. टक्केसाहेबांनी मला तिसरी चिठ्ठी दिली. आता लेखी खुलासा मागतील आणि मग उठवतील.

त्याआधी तुमच्या कंपनीची माणसं येणार आहेत, यंत्र नीट चालतंय ना ते बघायला. तू ये. माझ्या टेबलाशी उभा राहा आणि तू काय केलंस ते सगळ्यांसमोर सांग. मी तुला हाताला धरून आणणार नाही. यायचं की नाही ते तू ठरव.

मावशी

&nbsp;

६ एप्रिल

प्रिय मावशी,

मी तुझ्या टेबलाशी उभा राहून काय बोललो ते तू ऐकलंस. आवाज चिरकला तेही ऐकलंस. ते परत लिहीत नाही. तुला दिसलं नसेल तेवढं लिहितो.

तू म्हणालीस, 'डोळे मीट,' आणि माझा तळवा धरून ताग्यावरून फिरवलास. त्या जागेवरून मी दोनदा गेलो आणि मला काहीच लागलं नाही. तिसऱ्यांदा तू 'इथे थांब' म्हणालीस. मग कळलं. कळलं म्हणजे काय, तिथे कापड जरासं कमी होतं. इतक्या बारीक गोष्टीसाठी तू बावीस वर्षं डोळे मिटत होतीस. माझ्या साहेबांनीही हात लावला. त्यांना काही लागलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

ऑफिसात परतल्यावर साहेबांनी मला अहवाल लिहायला सांगितला आणि त्यातलं वाक्यही सांगितलं, 'नमुन्यांत सुधारणेला वाव आहे.' मावशी, अशी वाक्यं मी आयुष्यभर लिहीत आलोय. त्या दिवशी बोटं चालेनात. मी लिहिलं, 'नमुना चुकीचा आहे. तो मी दिला. त्यामुळे तपासणी थांबली आणि एक माणूस पडला.' ते तुमच्या कारखान्याला पाठवलं आणि ज्या दवाखान्यातून झोळी परत आली त्यांनाही.

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, हे पत्र चुकून गेलं असं कळव, सगळं मिटेल. मी नाही म्हणालो. इतकं छोटं उत्तर मी त्या खोलीत कधी दिलं नव्हतं, त्यांना वाटलं अजून पुढे काही आहे. पुढे काही नव्हतं.

मला पुढच्या सूचनेपर्यंत घरी बसवलंय. ठिपका बंद झालाय. दुपारचे चार वाजलेत, तुझ्या पडद्यांवर ऊन आहे आणि बोट दुखत नाहीये. पुढे काय, ते ठाऊक नाही. पश्चात्ताप आहे, पण त्या शुक्रवारचा. परवाचा नाही.

रागावली आहेस का अजून?

तुझा खुडबुड्या

&nbsp;

१४ एप्रिल

प्रिय खुडबुड्या,

रागावले आहे, पण आता पहिल्यासारखी नाही. पुढच्या नोकरीच्या अर्जात आधीची का सोडली असं विचारतील, तेव्हा 'वैयक्तिक कारण' लिहू नकोस. खरं काय ते लिही. त्यावर कुणी नोकरी देणार नसेल तर तिथे जाऊच नकोस.

दवाखान्याचं पत्र आलं. यापुढे प्रत्येक तागा हाताने तपासलेला हवा, नाहीतर झोळ्या घेणार नाही. झालं, टक्केसाहेबांची पंचाईत. हातही हवा आणि आकडाही हवा. यंत्र बदलायला वरून परवानगी नाही. मग ते माझ्याकडे आले, खुर्ची ओढून बसले, पहिल्यांदाच. म्हणाले, बाई, तुम्ही हात फिरवा, आमची ना नाही. फक्त खुलाशात लिहून द्या की झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, यापुढे निष्क्रिय राहणार नाही. म्हणजे तिसरी चिठ्ठी फाईलला लावून टाकतो, तुमचं टेबल तुम्हालाच राहील. मजकूर त्यांनी लिहूनच आणला होता, मला फक्त सही करायची होती.

माणूस वाईट नाही तो. त्यालाही कुणीतरी वरून आकडा विचारत असणार. पण दिलगीर कशाबद्दल व्हायचं? त्या आजोबांची माफी मी मागितली आहे, दवाखान्यात जाऊन, त्यांच्या खाटेशी बसून. ती मागायलाच हवी होती, कारण मी कात्री धरली होती. ती खाली ठेवल्याबद्दल मी माफी मागणार नाही.

मी कोरा कागद मागून घेतला. वर तारीख टाकली, नंबर टाकला आणि मधे लिहिलं, 'काम करत होते.' खाली सही केली.

टक्केसाहेबांनी कागद उलटून मागे बघितलं, मागे काही नव्हतं. म्हणाले, 'बाई, एवढं पुरणार नाही.'

मी म्हटलं, 'बावीस वर्षं पुरलं.'

ते कागद घ्यायला हात पुढे करणार, तेवढ्यात पाच नंबरने तो घेतला आणि माझ्या सहीखाली आपली केली. तिथून तो कागद टेबलाटेबलावरून फिरला. संध्याकाळी टक्केसाहेबांच्या हातात पोचला तेव्हा त्यावर नऊ सह्या होत्या. उरलेल्या दोघींनी सही केली नाही, पण कात्र्या खाली ठेवल्या. वर गेलेल्या खुलाशाचं उत्तर अजून आलेलं नाही. नऊ जणींना धागे कातरायला बसवलं तर कापणार कोण, याचा विचार चालला असेल. करू देत, त्यांचा ठिपका राखाडी होत नाही.

मला ते उठवतीलही. उठवलं तर तुला कळवीन. तोवर रोज सकाळी तागा उघडते, डोळे मिटते आणि हात फिरवते. आज तीन फुल्या मारल्या. आज माझा आकडा एकोणतीस होता, सगळ्यांत खालचा, लालभडक. आणि माझ्या टेबलावरून एकही पातळ झोळी बाहेर गेली नाही.

तुझी मावशी,
चार नंबर